घरच्या खड्यांचं कापड

पहिला दिवस, मंगळवार

हीथ्रोच्या काउंटरवर आमाच्या आईची एक बॅग 27 किलो भरली आणि आमच्या प्रवासाची सुरुवात विमानतळाच्या फरशीवर फतकल मारून झाली. साबणाच्या वड्या, व्हिटॅमिनच्या बाटल्या, बिस्किटांचे डबे, कुणाच्या तरी मापाचे काळे बूट, सगळं बाहेर काढलं. गावी जायचं तर हात हलवत जाता येत नाही, हे सोलापूरच्या बाईला कोणी शिकवायला नको. मी मुकाट्याने चार किलो माझ्या बॅगेत कोंबलं. आमा दोन पावलं लांब उभी राहून फोनमध्ये बघत होती, जणू आम्हा दोघींना ओळखतच नाही.

आम्ही दोघी लंडनच्या एकाच हॉस्पिटलात आहोत. ती वॉर्डात नर्स, मी फार्मसीत. ती मूळची घानातल्या कुमासीची, असांते जमातीची, लंडनला येऊन तिला 24 वर्षं झाली. आमा अठरा वर्षांची, जन्म लंडनचा. वडिलांचं घराणं जमैकाचं. आईवडील वेगळे राहतात. आमा हे तिचं घरातलं नाव, शाळेतलं वेगळं. गेल्या ऑगस्टमध्ये कुमासीची आजी गेली. तेव्हा दोन तिकिटांचे पैसे नव्हते म्हणून आई एकटीच जाऊन आली. आता वर्षाचा दिवस. मला म्हणाली, "तू चल. मधे कोणी नसलं तर आम्ही दोघी नुसत्या भांडू." माझी स्वतःची लेक पंचविशीची आहे आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. त्यामुळे 'चल' म्हटल्यावर मी कारणं शोधली नाहीत. पीतज्वराची लस टोचून घेतली, त्याशिवाय घानात प्रवेशच नाही.

विमानात तिने मला एक शंभरपानी वही दाखवली. पहिल्या पानावर 'आमाला दाखवायचं' आणि खाली एकोणीस नोंदी, प्रत्येकीपुढे चौकोन काढलेला. मला वॉर्डातला औषधांचा चार्ट आठवला. पण बोलले नाही.

अक्राला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. 'अक्वाबा', म्हणजे या, सुस्वागतम. मुक्कामी केंके खाल्लं. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या सालात गुंडाळून उकडतात, ते. सोबत शितो नावाची काळी, सुकटीच्या वासाची मिरचीची चटणी. मी दोनदा मागून घेतली. आमाने चिप्स खाल्ल्या.

दुसरा दिवस, बुधवार

अक्रा ते कुमासी साधारण 250 किलोमीटर. रस्त्याची कामं चालू होती, सात तास लागले. लोणावळ्याला चिक्की तसा वाटेत न्सावामला पाव. गाडी हळू झाली रे झाली की डोक्यावर पावाची पाटी घेतलेल्या बाया खिडकीशी धावत येतात. पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे वेफर्स, फोनचे चार्जर, सगळं डोक्यावर. आमाने खिडकीतून हात काढला आणि बाईने पाव झटकन मागे ओढला.

"उजवा!" आई पुढच्या सीटवरून ओरडली.

आमा डावखुरी आहे. डाव्या हाताने घेणं-देणं घानात उद्धटपणा. आपल्याकडे प्रसाद डाव्या हाताने घेतला की हातावर चापट बसते, तेच. आमाने पाव उजव्या हातात घेतला, पण पुढचे दोन तास कानातली बटणं काढली नाहीत. सिग्नलला एक पोरगा तिला 'बोर्गा' म्हणाला. परदेशी जाऊन आलेल्याला म्हणतात. पूर्वी कितीतरी घानाई लोक कामासाठी जर्मनीत हँबर्गला गेले, त्या गावाच्या नावातून हा शब्द आला. मला 'ओब्रोनी', म्हणजे गोऱ्या परदेशिणीचा शब्द. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी गोरी म्हटलं.

कुमासीचं घर म्हणजे वाडाच. मधे सिमेंटचं अंगण, चहू बाजूंनी खोल्या, कोपऱ्यात लाकडी उखळ. ओळीने खुर्च्या मांडून घरची माणसं बसलेली. आधी उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत डावीकडे जायचं, मग समोर बसायचं. मग घरचे लोक उठून उलट आपल्याकडे येणार. पुन्हा हात मिळवणं. मग पाणी. पाणी पिऊन होईस्तोवर कोणी काही विचारत नाही. त्यानंतर घरातल्या एका पुरुषाने गंभीरपणे म्हटलं, 'इथे सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही होतात, तेव्हा येण्याचं कारण सांगा.' आणि आमाच्या आईने उठून, ज्यांना सगळं माहीत आहे त्या लोकांना सगळं पहिल्यापासून सांगितलं : विमान, अक्रा, रस्ता, आईचा वर्षाचा दिवस.

"त्यांनीच तर तारीख ठरवली ना?" आमा माझ्या कानात.

"आमच्याकडे गूळ-पाणी देतात, मग विचारतात," मी म्हटलं. यातून तिला काय कळलं देव जाणे.

घरात आता सगळ्यांत मोठी म्हणजे आजीची धाकटी बहीण. त्वी भाषेत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, वेगळा शब्द नाही. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या आपल्याला हे कळायला सोपं. मी तिला मनात धाकटी आजी म्हणायला लागले. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हे, वाराचा. कोणत्या वारी जन्मलीस? प्रत्येक असांते मुलाला जन्मवाराचं नाव असतं. शनिवारची मुलगी आमा, शुक्रवारची आफुआ, सोमवारची आज्वोआ. मी गुरुवारची. घरून अक्कलकोटला पेढे गेले होते, त्यामुळे विसरायची सोय नाही. गुरुवारची म्हणजे 'या'. मराठीत दारात आलेल्या माणसाला म्हणतो, तेच आता माझं नाव. मी सांगितलं की आमच्याकडे ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवरही सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुकऱ्या अशी नावं असतात. धाकट्या आजीला याचं काहीच नवल वाटलं नाही. वाराशिवाय माणूस जन्मतो कसा, असा तिचा चेहरा.

मग ती आमाकडे वळली. तू कोणाची?

आमाने लंडनमध्ये सगळ्यांना देते ते उत्तर दिलं. "हाफ घानियन, हाफ जमैकन."

आईने 'हाफ'चं भाषांतर करायला दोनदा तोंड उघडलं. शेवटी जे काही म्हणाली त्यावर धाकट्या आजीने कपाळाला आठ्या घातल्या. "अर्धी? कुठून कापली?" मग आमाच्या आईच्या पोटावर हाताचा तळवा ठेवला. "इथून आलीस ना? मग असोना. संपलं."

असांतेंमध्ये कूळ आईकडून येतं. रक्त आईचं, सुंसुम म्हणजे स्वभावातलं तेज वडिलांचं. आठ मोठी कुळं आहेत, असोना त्यांतलं एक. आईचा भाऊ म्हणजे वोफा, आपला मामा. परंपरेने वारसा त्याच्याकडून भाच्याला जायचा. नवरा मेला की बायकामुलं उघड्यावर पडत, म्हणून 1985 मध्ये कायदा करून त्यांचा वाटा ठरवावा लागला. तेव्हा आईकडची परंपरा म्हणजे बाईचं राज्य, असं समजायचं कारण नाही. पण आमापुरता निकाल सरळ होता. तिच्या बापाचा मुलूख कोणता, हा प्रश्न इथे आडवा येतच नव्हता.

असोनांचं चिन्ह कावळा. आईच्या वर्षश्राद्धाला आलेल्या बाईचं कूळ कावळ्याचं! मी अंगणाच्या भिंतीकडे पाहिलं. छाती पांढरी असलेला इथला कावळा तिथे खरंच बसला होता.

तिसरा दिवस, गुरुवार

वहीतली नोंद क्रमांक एक : मानशिया राजवाड्याचं संग्रहालय. असांते राजा पहिला प्रेम्पे याला इंग्रजांनी 1896 मध्ये पकडून नेलं आणि पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. 1924 मध्ये तो परतला, त्याच्यासाठी हे घर बांधलं. आईने इतिहास तारखांसकट सांगितला, अगदी माझी शाळेतली बाई शिवाजी महाराज सांगायची तसा. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने असांतेंचं सोन्याचं सिंहासन मागितलं, ज्यावर राजासुद्धा बसत नाही ते. तेव्हा एजिसूची राजमाता या असांतेवा लढायला उभी राहिली. तीही शेवटी सेशेल्सलाच गेली, तिथेच 1921 मध्ये वारली. 'या' म्हणजे माझ्याच वाराची. मी उगीच ताठ झाले.

आमा जांभया देत होती. ती थांबली सोन्याच्या वस्तूंपाशी. 1874 च्या युद्धात इंग्रजांनी कुमासी जाळली आणि राजवाडा लुटला, त्यातलं बरंच लंडनच्या संग्रहालयांत गेलं. 2024 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या दोन संग्रहालयांनी मिळून 32 वस्तू इथे प्रदर्शनाला पाठवल्या.

"हे मी शाळेच्या सहलीत पाहिलंय," आमा म्हणाली. मग पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. "उसने? आपलंच आपल्याला उसनं?"

'आपलं' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला. आईने ऐकला की नाही ठाऊक नाही, ती वहीत चौकोनात खूण करत होती.

संध्याकाळी फुफू. उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, आणि कच्ची केळी उखळात कांडायची. एक उभा राहून लांबलचक मुसळ हाणतो, दुसरी बाई स्टुलावर बसून प्रत्येक घावानंतर उखळात हात घालून गोळा उलटवते. घाव, हात, घाव, हात. मुसळ मामाच्या मुलाच्या हातात होतं. उलटवायला आमाची आई बसली, पण 24 वर्षांनी ताल सुटलेला, तिसऱ्या घावाला तिने हात मागे घेतला आणि सगळे हसले. मग स्टुलावर आमा बसली. कोणत्या हाताने, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. बोटं पाण्यात बुडवायची, गोळ्याची कड धरून मधे दुमडायची, हात काढायचा, धप. डोळे मुसळावर ठेवायचे नाहीत, मुसळ मारणाऱ्याच्या श्वासावर ठेवायचे. तो 'हं' करतो तेव्हा हात बाहेर हवा. एकदा तिची पेरं खरचटली, ती शिवी हासडून पुन्हा बसली. गोळा हळूहळू चिवट झाला, चकाकायला लागला. दहा मिनिटांत ती कोणाकडेही न बघता हात घालत होती.

फुफू चावायचा नसतो, गिळायचा. सोबत शेंगदाण्याचं कोंबडी घातलेलं दाट सूप. शेंगदाणा अमेरिका खंडातून इकडेही आला आणि सोलापुरातही. इकडे त्याचं सूप झालं, आमच्याकडे चटणी. चटणी सरस, हे मी तिथे बोलले नाही, इथे बोलते.

चौथा दिवस, शुक्रवार

आज ट्रंक उघडायची होती.

आजी गेल्यापासून तिची पत्र्याची निळी ट्रंक तशीच ठेवलेली. वर्षाच्या दिवसाला लेक आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं घरात ठरलेलं. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला एकदम माझ्या आजीच्या लाकडी पेटीपाशी बसल्यासारखं झालं. आत घड्या घातलेली कापडं. छापील मेणाची, ज्यांना जग आफ्रिकन प्रिंट म्हणतं. इथे ती वारावरच विकतात, यार्डाच्या मापात : पूर्ण ठाण बारा वार, अर्धं सहा वार. सहावारी! बाईच्या ट्रंकेत किती न कापलेली ठाणं आहेत यावर तिची ऐपत ठरते. बँक कसली आणि काय.

आमाने पहिलं कापड उचललं आणि काठ वाचला. काठावर बारीक अक्षरात छापलेलं : गॅरंटीड डच वॅक्स.

"डच? हे आफ्रिकन नाहीच मुळी!"

आईचा चेहरा पडला. वहीत याची नोंद नव्हती. खरी गोष्ट अशी की जावाच्या बाटिक कापडाची यंत्रावर नक्कल करून डचांनी ते विकायला काढलं. हॉलंडमधल्या हेल्मंडच्या व्लिस्कोचा कारखाना 1846 पासूनचा. जावात ते फारसं चाललं नाही, पश्चिम आफ्रिकेत मात्र तुफान चाललं. पुढे अक्राजवळ तेमामध्येही छापायला लागले. आईने हे सगळं अपराध्यासारखं सांगितलं. धाकटी आजी ऐकत होती. ती म्हणाली, "रंग त्यांनी लावला. नाव कोणी ठेवलं ते विचार."

त्या नावांसाठी मी ही सगळी पानं लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. नवं कापड बाजारात आलं की विकणाऱ्या बाया त्याला नाव देतात, आणि नाव चाललं तर कापड चालतं. आई एकेक घडी उलगडत गेली. निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची वर्तुळं, एकात एक : 'न्सुब्रा', विहीर. विहिरीत खडा टाकल्यावर उमटतात ते तरंग. दुसरं, बारीक मण्यांच्या माळांसारखं : 'अह्वेने पा न्कासा', चांगले मणी वाजत नाहीत. मी लगेच म्हटलं, उथळ पाण्याला खळखळाट फार. ते आईने त्वीत सांगितल्यावर धाकट्या आजीने माझ्या मांडीवर थाप मारली. तिसऱ्यावर उडत्या पाकोळ्या : 'सिका वो न्ताबान', पैशाला पंख असतात. आजीने हे मामाच्या धंद्यात पैसे बुडाले त्या वर्षी घेतलं होतं आणि मामाच्याच घरी नेसून गेली होती. कारण कापड नुसतं नेसायचं नसतं, त्यातून बोलायचं असतं. सवतीला, जावेला, नवऱ्याला जे तोंडावर सांगता येत नाही ते नेसून समोर उभं राहायचं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतून सासूला सुनवायचे, इथे ते काम कापड करतं.

माझ्या कपाटात चाळीसेक साड्या आहेत. इरकल, पैठणी, 'भाच्याच्या मुंजीतली', 'ती हिरवी'. एकीलाही असं नाव नाही ज्यात कोणाला टोमणा बसेल.

तळाशी तपकिरी कापड होतं, बारीक खड्यांच्या नक्षीचं. आईने ते उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"हे काय?" आमा.

"एफिए म्मोसेआ. घरातले खडे." थोडं थांबून म्हणाली, "बाहेरचा खडा पायाला लागतो. घरातला खडा सुरीपेक्षा जास्त कापतो."

मग जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांच्या मैत्रीत माहीत नव्हतं. लंडनच्या नोकरीचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. तिकीट हातात आल्यावर, निघायच्या आधी चार दिवस सांगितलं. आई काही बोलली नाही. निघायच्या सकाळी बसपर्यंत सोडायला आली ती हे कापड नेसून. गर्दीत, सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर. पिशवी उचलून दिली, हात हातात घेतला, तोंडातून शब्द नाही. "सगळ्या स्टेशनने ते वाचलं," आमाची आई म्हणाली. "अक्रापर्यंत मी रडले. रागाने."

अंगणात मुसळाचा आवाज चालू होता, शेजारच्या घरातला. आमाने कापड मांडीवर घेतलं, काठ चाचपला. डच वगैरे काही बोलली नाही. "तू मला हे कधी सांगणार होतीस? कितव्या नंबरला?"

आईने वही मिटली.

वाटणी झाली तेव्हा धाकट्या आजीने चांगली चांगली ठाणं लेकीपुढे आणि भाच्यांपुढे सरकवली. आमाने फक्त एकच मागितलं. घरातले खडे. आई म्हणाली, ते नको, लोक म्हणतील कोणाला बोलतेस. धाकटी आजी म्हणाली, दे तिला.

पाचवा दिवस, शनिवार

वर्षाचा विधी. रस्त्यावरच मांडव, प्लास्टिकच्या शेकडो खुर्च्या, भिंतीएवढे स्पीकर. बायका काळ्या-लाल कापडात. बघणाऱ्याला लग्नच वाटावं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे टेबल. आलेला प्रत्येक जण शोकाची देणगी देतो, तिला न्सावा म्हणतात. टेबलाशी नाव आणि रक्कम लिहून घेतात, पावती फाडतात आणि मग तो आकडा माईकवरून जाहीर होतो. आहेराची वही, पण लाउडस्पीकरसकट. उद्या त्याच्या घरी कोणी गेलं की तेवढं किंवा थोडं जास्त परत करायचं.

लिहिणारा भाचा उगवला नाही. आमाचं अक्षर सुंदर. तिला टेबलाशी बसवलं, आणि वही हवी म्हणून आईने पिशवीतून तीच शंभरपानी वही काढून दिली. एकोणीस नोंदींचं पान उलटून पुढच्या कोऱ्या पानापासून आमाने रकाने आखले. त्वीची अक्षरं तिला धड येत नव्हती, म्हणून प्रत्येकाला नाव दोनदा विचारावं लागे, आणि एकच नाव चौघांचं निघालं की आजीचे कोण, हेही. थोरल्या मामाच्या मुली, एजिसूची मावशी, चर्चमधल्या बाया, आजीबरोबर बाजारात टोमॅटो विकणारी मैत्रीण. दुपारपर्यंत तिला जे गणगोत पाठ झालं ते आईला चार वर्षांत शिकवता आलं नसतं. लिहायची डाव्या हाताने. पावती द्यायची वेळ आली की पेन टेबलावर ठेवून उजव्या हाताने पुढे करायची. एका म्हाताऱ्याने ते बघून बाजूच्याला काहीतरी म्हटलं. काय, ते मी विचारलं नाही, पण दोघं हसत होते, वाईट नाही.

ढोल वाजायला लागल्यावर बायका अदोवा नाचल्या. पावलं लहान, सगळं बोलणं हातांचं. धाकटी आजी बसल्या जागेवर नुसते मनगट फिरवून नाचली. आमा टेबल सोडून गेली नाही. हिशेब जुळत नव्हता, दोनशेचा फरक येत होता.

सहावा दिवस, रविवार

सगळे पांढऱ्यात. चर्च चार तास. मी तिसऱ्या तासाला झोपले.

सातवा दिवस, सोमवार

बोन्विरे, केंटे नावाच्या हातमागाच्या कापडाचं गाव, कुमासीपासून तासाभराच्या आत. माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे मागाचा आवाज आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. इथला माग अरुंद, चारेक बोटं रुंदीची पट्टी निघते. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून कापड होतं. ताणा समोर वीस-पंचवीस फूट लांब ताणून दगड ठेवलेल्या फळीला बांधलेला. विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरतो, डावा पाय दाबला की एक फळी, उजवा दाबला की दुसरी, आणि धोटा इकडून तिकडे. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या यादीत घेतली. पूर्वी बायकांनी मागावर बसायचं नसे. आता थोड्या बसतात.

विणकराने सांगितलं, ही विद्या कोळी किड्याकडून आली. दोन भावांनी जंगलात अनान्से कोळ्याला जाळं विणताना पाहिलं.

"अनान्सी?" आमा म्हणाली. "तो तर आमच्या ग्रॅनीचा आहे!"

ग्रॅनी म्हणजे जमैकाची, वडिलांची आई. लहानपणी रोज रात्री एक अनान्सीची गोष्ट. आमाच्या समजुतीप्रमाणे तो जमैकन. विणकराने धोटा खाली ठेवला. त्वीत गोष्टीलाच अनान्सेसेम म्हणतात, कोळ्याच्या कथा. त्याने आभाळाच्या देवाकडून अनान्सेने सगळ्या गोष्टी कशा मिळवल्या ते सांगितलं, अजगर, गांधीलमाश्या आणि बिबळ्या पकडून. आमाने ग्रॅनीची सांगितली, त्यात गोष्टी देवाच्या नाहीत, वाघाच्या असतात. दोघांत वाद झाला. आमाची आई बाजूला उभी होती. नवऱ्याच्या आईशी तिचं कधी पटलं नाही. "मला वाटायचं ती पोरीला काहीतरी भलतंच सांगते," एवढंच मला म्हणाली.

आठवा दिवस, मंगळवार

कुमासी सोडली. धाकट्या आजीने आमाच्या तळहातावर काहीतरी पुटपुटून हात मुठीत मिटवला. माझ्याशी बोलताना तिने 'या' म्हटलं, आणि मी सवयीने 'येते' म्हटलं.

किनाऱ्याच्या रस्त्यावर असिन मान्सो. आत जंगलात एक नदी. बंदरातल्या किल्ल्यांकडे चालवत नेलेल्या गुलामांची शेवटची आंघोळ इथे होई, की विकताना माणूस धडधाकट दिसावा. नदीपर्यंत अनवाणी जातात. पाणी गुडघाभर, तपकिरी, बांबूंच्या सावलीत. मला वाटलं होतं आई इथेही तारखा सांगेल. ती म्हणाली, "आमा, यांना इथपर्यंत चालवत आणणारे बरेचसे आपले होते. असांते. उत्तरेकडे लढाया करायचे, माणसं धरायचे, किनाऱ्यावर विकायचे. मला हे शाळेत कोणी शिकवलं नाही."

वर एक छोटी दफनभूमी आहे. 1998 मध्ये दोघांचे अवशेष समुद्रापारहून इथे आणून पुरले. एक अमेरिकेतला सॅम्युएल कार्सन, एक जमैकातली क्रिस्टल. आमा क्रिस्टलच्या थडग्यापाशी बराच वेळ बसली. मग तिने हिशेब मांडला, शनिवारचा हिशेब मांडला होता त्याच आवाजात. जमैकात इंग्रजांशी लढून 1739 मध्ये तह करायला लावणारा कजो, तो कोजो म्हणजे सोमवारचा ना? म्हणजे तिकडे गेलेले लोक इथलेच. म्हणजे डॅडची माणसं इथून गेली असतील. "आणि तुझ्या माणसांनी विकली असतील."

"असतील," आई म्हणाली.

दोघी पायात चपला न घालता गाडीपर्यंत आल्या. केप कोस्टचा किल्ला ठरला होता, पण आमा म्हणाली आज पुरे. आम्ही समुद्राकाठी तळलेली मासळी आणि बांकू, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गोळा, खाल्लं. पांढऱ्या भिंती लांबून दिसत होत्या.

नववा दिवस, बुधवार

आमाची आई महिनाअखेरपर्यंत थांबणार, घराच्या कागदपत्रांसाठी. आमाचा परीक्षेचा निकाल परवा, म्हणून आम्ही दोघी परत. बॅग भरताना आमाने तपकिरी कापड तळाशी ठेवलं, मग काढून वर ठेवलं, मग हातातल्या पिशवीत घेतलं.

विमानतळाबाहेर टॅक्सीतून उतरून आई आम्हाला सोडायला आली. सकाळपासून ती नेहमीच्या पँट-शर्टात होती, पण मुक्कामावरून निघताना कधीतरी कापड गुंडाळून आली असावी. मी सामानात गुंतले होते, मला उशिरा दिसलं. पिशवी उचलून आमाकडे दिली, तिचा हात हातात घेतला आणि काही न बोलता उभी राहिली.

आमाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाकोळ्या.

"पैसे संपले ना?" आमा म्हणाली. "मांडव, खुर्च्या, स्पीकर. सगळे उडाले."

"एक पैसा नाही," आई म्हणाली. "टॅक्सीचे पण तुझ्या आंटीकडून घेतलेत."